उंबराचं दार

केतकी शेट्येनं उंबराला चिलटाशिवाय फळ धरायला लावलं, तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. त्यानंतर काही वर्षांनी, एका फेब्रुवारीत, तिला आपल्याच शोधासमोर उभं राहून हात आवरावा लागला. ही गोष्ट त्या फेब्रुवारीची आणि त्यानंतरच्या उन्हाळ्याची.

उंबराला फूल दिसत नाही, म्हणून क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. खरं तर उंबराला फुलं ढिगानं येतात, पण ती फळाच्या आत, आतल्या बाजूला तोंड करून. कोवळ्या उंबराच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. ते त्याचं दार. शास्त्रज्ञ जिला गांधीलमाशीची दूरची बहीण मानतात आणि गावात जिला नुसतं चिलट म्हणतात, ती मोहरीपेक्षाही लहान माशी त्या दारातून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. ती दुसऱ्या झाडावरून आणलेले परागकण फुलांवर सोडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पाहुणा आला हे झाडाला कळतं. ते दार मिटून घेतं आणि फळ पोसायला लागतं. पाहुणा आलाच नाही तर फळ पिवळं पडून गळून जातं. पिकलेलं उंबर फोडल्यावर जी चिलटं भुर्रकन उडतात, ती त्या माशीचीच लेकरं.

हे चिलट बाहेर आल्यावर जेमतेम दीड दिवस जगतं. तेवढ्या वेळात त्याला कोवळी फळं धरलेलं दुसरं झाड गाठावं लागतं. कोकणातले हिवाळे हळूहळू नाहीसे झाले, फेब्रुवारीतच अंग भाजायला लागलं, तसं ते दीड दिवसाचं आयुष्य काही तासांवर आलं. तेवढ्यात दुसरं झाड गाठणं जमेना. एकेका खोऱ्यातली उंबरं रिकामी गळू लागली.

त्याची झळ सगळ्यांत आधी लागली धनेशांना. धनेशाची मादी उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाच्या ढोलीत शिरते आणि तिचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. अंडी, पिल्लं, सगळं आतच. या काळात तिची पिसंही झडतात, त्यामुळे मनात आलं तरी तिला उडता येत नाही. नर तीन महिने तिला त्या फटीतून भरवतो, आणि बाकी रान सुकलेलं असताना त्याला हमखास मिळतं ते उंबर. उंबरं गेली तशा ढोलीतल्या ढोलीत माद्या मरायला लागल्या. धनेश कमी झाले तसं त्यांच्या विष्ठेतून रानभर पडणारं बी थांबलं, आणि ज्या डोंगरांवर नवीन झाडं उगवेनाशी झाली तिथले झरे मार्चमध्येच आटू लागले. एका चिलटावर किती माणसं पाणी पीत होती, हे तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं.

केतकी दापोलीच्या एका प्रयोगशाळेत वनस्पतींच्या संप्रेरकांवर काम करायची. पाहुणा आल्याचा निरोप झाडाला नेमका कुठल्या द्रव्यामुळे पोचतो, हे तिनं शोधून काढलं आणि त्याचा फवारा बनवला. ड्रोननं तो योग्य वेळी उंबरावर मारला की झाडाला वाटायचं चिलट येऊन गेलं. दारं मिटायची, फळं पोसायची, लाल व्हायची. फोडली तर आत एकही किडा नसायचा. गावातली माणसं ती कौतुकानं खाऊ लागली. तीन जिल्ह्यांत फवारणी सुरू झाली आणि दोन विणींतच धनेशांची पिल्लं पुन्हा दिसायला लागली. केतकीचे सत्कार झाले. तिला ते फारसे आवडत नसत, पण ढोलीच्या फटीतून बाहेर आलेली चोच बघायला ती कितीही लांब जायची.

तिचा नवरा निनाद देवरुखजवळच्या निवेखोल गावात राहायचा. तिथल्या हायस्कुलात तो विज्ञान शिकवत असे. केतकी शनिवारी यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी अशीच गेली होती. भांडण काही नव्हतं. दोघांनाही आपापलं काम जिवापाड आवडायचं, इतकंच.

गोष्टीला सुरुवात झाली ती निनादच्या एका साध्या खटाटोपातून. गावच्या देवराईत बेहड्याच्या जुन्या झाडावर धनेशांची ढोली होती. तिच्याखाली पडलेली विष्ठा गोळा करून त्यानं शाळेमागं ट्रेमध्ये पेरली. मुलांना रोपं दाखवायची एवढाच हेतू. जांभूळ उगवलं, रानजायफळ उगवलं, उंबर एकही उगवलं नाही. त्यानं पुढच्या वर्षी पुन्हा पेरून पाहिलं. तेच झालं. मग एका शनिवारी जेवताना त्यानं ते केतकीला सांगितलं.

केतकीला नवल वाटलं नाही. परागकण नाहीत म्हणजे फळात बी धरणार नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती म्हणाली की उंबराची रोपं रोपवाटिकेत करता येतील, पक्षी जगवणं जास्त निकडीचं आहे. निनादनं विचारलं, रोपवाटिकेला बी कुठून आणणार? आणि चिलटांचं काय? फवारलेल्या फळात त्यांना अंडी घालायला जागा नाही. आंबा घाटाच्या वरच्या अंगाला, थंड दरीत थोडी झाडं अजून फवाऱ्याविना होती. तिथं चिलटं होती, पण खाली त्यांना उतरायला झाड राहिलं नव्हतं. केतकीनं भाताचा घास हातात तसाच धरून ठेवला आणि मग विषय बदलला. त्यानंही ताणलं नाही.

फेब्रुवारीत देवराईतला मोठा उंबर कोवळ्या फळांनी लगडला. बेहड्यावरची मादी ढोलीत जाऊन पंधरवडा झाला होता. आजूबाजूच्या टापूत त्या मोसमात फळणारं उंबराचं तेवढं एकच झाड होतं. केतकी रजा घेऊन शुक्रवारीच आली. खालच्या फांद्यांवर तिनं लांब दांडीच्या पंपानं त्याच संध्याकाळी फवारा मारला. शेंड्याकडे ड्रोन लागणार होता, आणि तो रविवारी सकाळी यायचा होता.

शनिवारी निनाद तिच्याबरोबर देवराईत आला. तिथल्या देवळाची पूजाअर्चा सुगंधाकाकी गुरव बघायच्या आणि ढोलीवर लक्षही त्याच ठेवायच्या. नर दिवसातून कितीदा येतो, काय आणतो, हे त्या केतकीला फोनवर अगदी घरातली बातमी सांगावी तसं सांगत. त्या दिवशीही नर आला. खोडाला बिलगून त्यानं लांबून आणलेलं एकेक रानफळ गळ्यातून वर काढलं आणि फटीत धरलं. आतली चोच ते अलगद टिपून घेत होती. तिघंही माना वर करून बघत राहिली.

नर उडून गेल्यावर निनाद म्हणाला, "हे झाड सोड, केतकी. हे एकच. मी वरच्या दरीतून चिलटं आणतो."

"आणि ती नाही टिकली तर?"

"तर फळं गळतील."

"आणि ही आत बसलीये," केतकी ढोलीकडे बघत म्हणाली. "पिल्लं झाल्यावर तो तिला काय घालणार? तुझ्या प्रयोगासाठी हिला आत कोंडून मारू?"

हा आपला प्रयोग नाही, असं निनादला म्हणायचं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सुगंधाकाकींनी मध्ये पडायचं टाळलं. त्या म्हणाल्या की त्यांना पक्ष्याचा जीव दिसतो, चिलटाचा दिसत नाही, तेव्हा त्यांना यातलं विचारू नये.

रविवारी उजाडताच केतकी ड्रोन जोडायला बसली. निनाद आला तो मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा डबा घेऊन. पहाटेच तो दरीत जाऊन आला होता. डब्यात बर्फाच्या पिशव्यांवर पिकायला आलेल्या उंबरांची एक फांदी होती. त्यानं तिला अडवलं नाही. एवढंच सांगितलं, की आतली चिलटं आता बाहेर निघतील, डब्यात कोंडून मरण्यापेक्षा इथं सोडतो. त्यानं झाकण काढलं. थोड्या वेळानं उंबरांना बारीक भोकं पडली आणि काळसर धूळ उडावी तशी चिलटं वर आली. काही वाऱ्यावर गेली. बरीचशी जवळच्या खालच्या फांदीवर उतरली.

केतकीच्या गळ्यात भिंग असायचंच. सवयीनं तिनं ते डोळ्याला लावलं. एक चिलट उंबरावरून चालत टोकाशी आलं. दार होतं तिथं मिशा टेकवून चाचपायला लागलं. दार मिटलेलं होतं. फवाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. 'दार मिटलं म्हणजे फवारा लागू पडला', हे तिनंच फवारणीच्या सूचनांमध्ये लिहिलं होतं. आजवर शेकडो उंबरांची मिटलेली दारं तिनं समाधानानं तपासली होती. त्या दाराबाहेर कुणी येऊन उभं राहिलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

चिलट फिरून आलं. पुन्हा चाचपलं. डोकं घालायचा प्रयत्न करताना त्याचा एक पंख दुमडला. ते शेजारच्या उंबरावर गेलं, तिथंही तेच. ऊन चढत होतं. केतकी भिंग हलवत एका फळावरून दुसऱ्यावर जात राहिली. प्रत्येक फळावर कुणी ना कुणी दार शोधत होतं. पहिलं चिलट घसरून तिच्या तळहातावर पडलं. तिनं हात हलवला नाही. बघता बघता त्याची हालचाल थांबली.

निनाद बाजूला उभा होता. त्यानं रिकामा डबा उचलून सावलीत नेऊन ठेवला.

बऱ्याच वेळानं केतकीनं ड्रोनची बॅटरी काढून पिशवीत टाकली. "खालच्या फांद्या पिकतील," ती म्हणाली. "तेवढ्यावर तो तिला जगवेल कदाचित. वरच्या राहू देत."

त्या आठवड्यात तिनं रजा वाढवली. रोज पहाटे दोघं स्कूटरवरून वरच्या दरीत जायची. येताना डबा केतकीच्या मांडीवर असायचा, त्यावर ओला पंचा. ऊन लागायच्या आत पोचायचं म्हणून निनाद वळणांवर वेग घ्यायचा आणि ती त्याच्या खांद्याला घट्ट धरून बसायची. इतक्या वर्षांत दोघं रोजच्या रोज कुठं बरोबर गेली नव्हती. कधी चहाला थांबली तर डबा सावलीत ठेवून त्याच्याशेजारी उभ्यानंच चहा प्यायची. एकदा केतकी म्हणाली, की आपण तान्हं मूल घेऊन फिरतोय असं लोकांना वाटत असेल. निनाद हसला आणि त्यानं पंचा नीट केला. देवराईत पोचल्यावर तो दोरीनं वर चढून डबा शेंड्याच्या फांद्यांत उघडायचा. खाली ती भिंग हातात धरून उगाचच उभी राहायची, कारण वरचं काही तिला दिसत नसे.

मग वाट बघणं आलं. मार्च लागला आणि वरची उंबरं गळायला लागली. वाळल्या पाल्यावर ती टपटप पडायची. सुगंधाकाकी सकाळी देवळाचं अंगण झाडायच्या तेव्हा केरसुणीपुढं पिवळ्या उंबरांचा ढीग व्हायचा. त्यांनी केतकीला फोनवर सांगितलं, "गो, लय गळतायत. तुला खोटं कशाला सांगू." केतकी दापोलीत प्रयोगशाळेच्या गच्चीवर उभी राहून ऐकत होती. अजूनही उरलेल्या फळांवर फवारा मारता येईल का, हे तिनं त्या दिवशी मनात कितीदा तरी घोळवलं. वेळ निघून गेली होती. तरी शनिवारी गावाला जाताना तिनं पंप बरोबर नेला, आणि पिशवीतून बाहेर न काढता परत आणला.

खालच्या फांद्या पिकल्या. नर तिथली फळं नेऊ लागला. ढोलीतून पिल्लांचा आवाज यायला लागला, तो दोन पिल्लांचा असल्याचं काकींनी ओळखलं. एप्रिलच्या सुरुवातीला खालची फळं संपत आली. नर लांब लांब जायचा आणि कधी नुसताच परत यायचा. काकींनी देवळापुढच्या मांडवावर पपई कापून ठेवून पाहिली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दिवसांत निनादचं वर्गात लक्ष लागेना. शाळा सुटली की तो देवराईत येऊन बसायचा.

एका दुपारी शेंड्याजवळच्या एका फांदीवर त्याला लाली दिसली. वरची बहुतेक फळं गळाली होती, पण ती एक फांदी टिकली होती. त्यावरची फळं एकदम पिकली नाहीत. आज थोडी, उद्या थोडी, अशी पिकत राहिली. नरानं ती हेरली. निनादनं पाठवलेला फोटो केतकीनं मोठा करून पाहिला. पिकलेल्या एका उंबराला बारीक भोक होतं आणि भोकाच्या तोंडाशी एक चिलट बसलेलं होतं.

एप्रिल सरता सरता मादीनं आतून लिंपण फोडलं. त्या सकाळी केतकी तिथंच होती. आधी चोच, मग डोकं, मग ती सगळीच बाहेर आली. नव्या पिसांनी ती अंगानं भरल्यासारखी दिसत होती. तिच्यामागून एक पिल्लू आलं, काठावर अडखळलं आणि जवळच्या फांदीवर कसंबसं जाऊन बसलं. दुसरं आलं नाही. दुपारपर्यंत वाट बघितली. पक्षी दूर गेल्यावर निनाद दोरीनं वर चढला आणि ढोलीत हात घालून काही तरी पंच्यात गुंडाळून खाली आला.

ते पिल्लू बरेच दिवसांपूर्वी मेलेलं असणार. वजनाला काहीच नव्हतं. पंखांवर पिसांच्या नळ्या नुकत्या फुटत होत्या.

केतकीला वाटलं होतं की असं काही झालं तर आपण कोसळू. पण कोसळला निनाद. तो झाडाच्या मुळावर बसला आणि तोंड हातांत लपवून रडायला लागला. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"मी हट्ट धरला नसता तर हे जगलं असतं," तो म्हणाला.

केतकी त्याच्याशेजारी बसली. "तू हट्ट धरला नाहीस. तू विचारलंस. बॅटरी मी काढली." तिनं त्याच्या मांडीवरचा पंचा आपल्याकडे घेतला. "हे दोघांचं आहे, निनाद. एकट्याच्या अंगावर घेऊ नकोस."

सुगंधाकाकींनी कुदळ आणली. उंबराच्या बुंध्याशी तिघांनी खड्डा केला. काकींनी वर मूठभर हळदकुंकू टाकलं आणि घरी जाऊन सगळ्यांसाठी पेज आणली. तिला कुणी नको म्हटलं नाही.

मे महिन्यात केतकीनं वनविभागाच्या बैठकीत आपल्याच योजनेत बदल मांडला. प्रत्येक खोऱ्यात काही झाडं फवाऱ्याविना राखायची, उरलेल्यांवरही निम्म्याच फांद्या फवारायच्या, थंड दऱ्यांमधून चिलटं आणून सोडायची आणि ती टिकतील तसतशी फवारणी कमी करत न्यायची. फवारा हा आजारपणातल्या सलाइनसारखा आहे, ती म्हणाली, त्यावर जन्म काढता येत नाही. बैठकीतली माणसं वाईट नव्हती. धनेश वाचल्याचा आनंद त्यांनाही मनापासून झालेला होता. त्यातल्या एका वयस्क अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या या पद्धतीनं पक्षी मरतील का?"

"मरतील," केतकी म्हणाली. "सुरुवातीची काही वर्षं दर विणीला थोडे मरतील. त्यातलं एक पिल्लू मी हातात घेतलेलं आहे. तरीही मी हेच मागते आहे."

शेवटी एका तालुक्यापुरती, एका वर्षासाठी परवानगी मिळाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी होतं, आणि भीती वाटली होती त्यापेक्षा जास्त.

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि तिनं निनादला फोन लावला. शाळेला सुट्टी लागली होती. तो देवराईतच होता. तिनं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, की त्याच्याकडेही एक बातमी आहे. आज पिल्लानं पहिल्यांदा आपलं आपण खाल्लं. आई शेजारी बसून नुसती बघत होती. त्यानं एकामागून एक फळं तोडली आणि खाली पाडली. काकी खालून त्याला नावं ठेवत होत्या. मग एक त्याच्या चोचीत नीट बसलं. मान मागं टाकून त्यानं ते गिळलं आणि स्वतःच दचकल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

केतकी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"कुठल्या फांदीवरचं?" तिनं विचारलं.

"वरच्या," निनाद म्हणाला.